पाणचिऱ्याच्या वसाहतीवर नजर ठेवायची, तर आधी पाणी मोजा

मी ग्वाल्हेरची. लष्कर भागात आमची चौथी पिढी; घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. शाळेत भूगोल शिकवते आणि मार्च ते जून या चार महिन्यांतले झाडून सगळे रविवार चंबळेच्या काठावर काढते. ग्वाल्हेरहून मुरैना ओलांडलं की थोड्याच वेळात चंबळ लागते. नाशिक-धुळ्याच्या लोकांना ओळखीचा असलेला जुना आग्रा-मुंबई रस्ता तो हाच. मराठी फौजा चंबळ उतरून पुढे जात. मी उतरत नाही, काठावरच बसते.

महाराष्ट्रातल्या काही मुलांनी मला विचारलं की आमच्याकडेही नदीत, धरणाच्या बेटांवर सुरय (टर्न) पक्षी अंडी घालतात, त्यांची नोंद कशी ठेवायची? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण माझ्या नदीचं आणि माझ्या पक्ष्याचं आहे, पण पद्धत बहुतेक सगळीकडे लागू पडेल.

पक्षी म्हणजे पाणचिरा, इंग्रजीत इंडियन स्किमर. पाठ आणि डोक्याची टोपी काळी, मानेभोवती पांढरी पट्टी, पोट पांढरं आणि चोच नारिंगी, टोकाशी पिवळी. चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो. तो पाण्यात बुडवून पक्षी पृष्ठभागाला लागून उडत जातो, पाणी चिरत. मासळी लागली की चोच मिटते. नाव त्यावरूनच पडलं. २०२० साली हा पक्षी जागतिक यादीत 'संकटग्रस्त' गटात गेला. जगात प्रौढ पक्षी तीन हजारांच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. चंबळ हे त्याच्या विणीचं फार मोठं ठिकाण. त्याच बेटांवर नदी सुरय, काळ्या पोटाचा सुरय, छोटी आर्ली, कंठेरी चिखल्या आणि मोठा करवानकही अंडी घालतात. त्यातला काळ्या पोटाचा सुरयसुद्धा संकटग्रस्तच आहे आणि त्याच्याकडे लोकांचं लक्ष पाणचिऱ्यापेक्षाही कमी जातं, याचं मला वाईट वाटतं. तेव्हा वहीत एकट्या पाणचिऱ्याचा रकाना ठेवू नका.

घरटं म्हणाल तर वाळूतला एक खळगा. काडी नाही, गवत नाही. पोटाने वाळू सारून केलेली वाटी, आणि तिच्यात वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची तीन-चार अंडी. चार पावलांवरून दिसत नाहीत.

परवानगी

चंबळेचा सुमारे ४०० किलोमीटरचा पट्टा १९७९ पासून अभयारण्य आहे आणि तो राजस्थान, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत पसरलेला आहे. माझ्या भागात नदी हीच दोन राज्यांची हद्द. एका काठाची परवानगी खिशात असली आणि नाव पलीकडे लागली तर तुम्ही विनापरवाना आहात. म्हणून दोन्ही बाजूंच्या वनविभागाला जानेवारीतच अर्ज द्या. अर्जात कोण येणार, कोणत्या तारखा, नाव कुणाची आणि बेटावर पाय ठेवणार की नाही, हे स्पष्ट लिहा. मी 'नाही' असं लिहिते.

ही औपचारिकता नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्याची अंडी फोडणं तर येतंच, पण अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. चांगल्या हेतूने गेलेला माणूस त्यातून सुटत नाही, आणि सुटू नयेच. अभयारण्याबाहेरच्या नदीतही हा नियम ध्यानात ठेवा.

पाणी

आता जे सांगते ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

फेब्रुवारीत पाणी उतरू लागतं आणि पात्रात एकेक वाळूचं बेट डोकं वर काढतं. पाणचिरे काठाला चिकटलेली वाळू सोडून ही मधली बेटं धरतात, कारण चारी बाजूंचं पाणी हीच त्यांची तटबंदी. पण मार्चमधलं बेट मेमध्ये बेट राहीलच असं नाही. ऊन चढतं, वर धरणं आहेत, काठाने पंप लागलेले आहेत, आणि बेट व काठ यांच्यामधली धार रोज थोडी बारीक होत जाते. ती उथळ झाली की म्हशी येतात, म्हशींमागे गुराखी, गुराख्यामागे कुत्री. रात्री कोल्हे.

सुरुवातीच्या एका वर्षी आम्ही ओळीने तीन रविवार घरटी मोजली. आकडा दर वेळी वाढत होता आणि मी हरखून गेले होते. चौथ्या रविवारी बेटावर एकही पक्षी बसलेला नव्हता. काठावरच्या ओल्या वाळूतून पंजांच्या दोन रांगा सरळ आत गेल्या होत्या. आमचे नावाडी काका काही न बोलता धारेत उतरले आणि चालत पलीकडे गेले. पाणी त्यांच्या पोटरीपर्यंतही नव्हतं. परत येऊन म्हणाले, "बहनजी, पानी तो हमने देखा ही नहीं." त्या दिवसापासून माझ्या वहीत पहिला रकाना पाण्याचा असतो, पक्ष्यांचा दुसरा.

कसं मोजायचं ते सांगते. दोन मीटरचा सरळ बांबू घ्या. त्यावर तेलरंगाने दर दहा सेंटिमीटरला पट्टे ओढा, एक काळा, एक पांढरा. आकडे ठळक काढा, काठावरून दुर्बिणीने वाचता आले पाहिजेत. फेब्रुवारीत, पक्षी बेटावर स्थिरावण्याआधी, हा बांबू काठ आणि बेट यांच्यामधल्या धारेत रोवा. कुठे रोवायचा? सगळ्यात उथळ जागी, कारण जनावर तिथूनच ओलांडणार. ती जागा नकाशावर मिळत नाही, नावाड्याला विचारा. त्याची नाव दर वर्षी कुठे घासते हे त्याला पाठ असतं. काका काठी टेकत टेकत नाव नेतात आणि एका जागी थांबून म्हणतात, "यहीं." आजवर ती जागा चुकलेली नाही.

मग प्रत्येक भेटीत, शक्यतो एकाच वेळी, बांबूवरचा आकडा वाचायचा. वेळ तीच का? वरून सोडलेल्या पाण्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या पातळीत फरक पडू शकतो. आकडे आलेखाच्या कागदावर मांडत जा. समजा, एका रविवारी ४६ सेंटिमीटर होतं आणि पुढच्या रविवारी ३२. म्हणजे रोज दोन सेंटिमीटर उतरतंय. कुत्रं खोल पाण्यातूनही पोहून येऊ शकतं, पण पोटाला पाणी लागत नसेल तर ते सहज फिरायला यावं तसं येतं. त्यासाठी मी २० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरते. ३२ वरून २० वर यायला सहा दिवस. म्हणजे पुढच्या रविवारची वाट पाहायची नाही, आजच वनरक्षकाला आणि गावातल्या राखणदाराला सांगायचं. वहीतला घरट्यांचा आकडा झालं ते सांगतो, बांबूवरचा आकडा होणार ते सांगतो.

पाणी वाढण्याचाही धोका आहे. एका एप्रिलमध्ये वरून अचानक पाणी सोडलं गेलं आणि बेटाचा सखल अर्धा भाग एका रात्रीत बुडाला. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवून घेण्यासाठी कुणाला विचारायचं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर दर वर्षी जानेवारीच्या अर्जासोबत मी आणखी एक पत्र देते: पाणी सोडण्याआधी या काठावर निरोप मिळावा. निरोप दर वेळी येतो असं नाही, पण पत्र देणं सोडू नका. घरटी बेटाच्या उंच भागावर आहेत की पाण्यालगत, हेही नकाशात दाखवा. पाणी किती वाढलं तर किती घरटी जातील ते त्यावरून आधीच कळतं.

कुठे बसायचं

आमची जागा समोरच्या काठावर, बीहडाच्या, म्हणजे चंबळेकाठच्या मातीच्या घळींच्या कडेला, एका बाभळीच्या सावलीत आहे. बेट तिथून दोनशे मीटरच्या आसपास. दीडशेच्या आत मी कधी जात नाही. कपडे मातकट, छत्री असली तर तीही. उंचवट्याच्या माथ्यावर बसू नका, आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस काळा ठिपका दिसतो. थोडं खाली, पाठीला माती असेल असं बसा. सकाळचं ऊन पाठीशी आलं पाहिजे.

साध्या ८ बाय ४२ च्या दुर्बिणीने पक्षी मोजता येतात, पण कोण बसलंय आणि कोण नुसतं टेकलंय हे कळायला तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, लागतोच. आमच्याकडे तिघांत मिळून एक आहे. सूर्योदयाला पोहोचा. एप्रिलमध्ये नऊ वाजले की वाळूवरची हवा थरथरू लागते आणि स्कोपमध्ये प्रत्येक पक्ष्याचे दोन होतात. त्यानंतरची मोजणी मी वहीत लिहीत नाही.

एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. वाळूवर बसलेले पाणचिरे आणि सुरय वाऱ्याकडे तोंड करतात. वारा तुमच्याकडून पक्ष्यांकडे जात असेल तर सगळ्यांच्या चोची तुमच्याकडे, पक्ष्यांकडून तुमच्याकडे येत असेल तर नुसत्या पाठी. वाऱ्याला आडवं बसलात तर बाजूची आकृती दिसते, आणि मोजायला तीच सगळ्यात सोपी.

आपण त्रास देतोय का, हे पक्षी सांगतात. मी चार पायऱ्या धरल्या आहेत. पहिली, निवांत बसलेले. दुसरी, माना ताठ. तिसरी, काही जण उभे राहिले. चौथी, थवा उडाला. माना ताठ झाल्या की जागच्या जागी थांबा. कुणी उभं राहिलं की मागे फिरा. थवा उडालाच, तर घड्याळ बघा आणि शेवटचा पक्षी परत बसेपर्यंतची मिनिटं वहीत लिहा, आपल्या नावापुढे. कुत्र्याने उडवलं, ट्रॅक्टरने उडवलं हे आपण लिहितो, तर आपण उडवलं हेही लिहिलं पाहिजे. एप्रिल-मेच्या दुपारी इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या वाळूवर उघडं पडलेलं अंडं म्हणजे तव्यावर ठेवलेलं अंडं. म्हणून दुपारी वसाहतीच्या जवळून नावही नेऊ नका.

नावेतून बघायचं असेल तर बेटाकडे सरळ तोंड करून जाऊ नका. लांबून, बेटाला समांतर, वल्ह्यावर. इंजिन बंद. आणि ड्रोन नको. वरून येणारी कोणतीही गोष्ट पक्ष्यांना शिकारी पक्ष्यासारखीच वाटते.

मोजायचं कसं

पहिल्यांदा सगळे प्रौढ पक्षी, जातवार, डावीकडून उजवीकडे. मग उजवीकडून डावीकडे. मग पुन्हा एकदा. तिन्ही आकडे लिहा आणि मधला आकडा धरा. दोघं असाल तर वेगवेगळे मोजा आणि वह्या मिटेपर्यंत एकमेकांना आकडा सांगू नका. मी एकदा मोठ्याने '६४' म्हणाले आणि माझ्याबरोबरच्या मुलीलाही नेमके ६४ दिसले. त्यात तिचा दोष नव्हता. कानावर आलेला आकडा डोळ्यांना दिसतो.

मग घरटी. बसलेला प्रत्येक पाणचिरा अंड्यांवर नसतो, आणि गोंधळ होतो तो इथेच. विश्रांती घेणारे पक्षी दाटीने, बहुधा पाण्याच्या कडेला बसतात. उबवणारे एकमेकांपासून थोडं अंतर राखून बसतात. उबवणारा पक्षी अधिक खाली रुतलेला दिसतो, शेपूट आणि पंखांची टोकं किंचित वर. परत येताना तो थोडा लांब उतरतो, चालत खळग्यापाशी येतो, खाली मान घालून बघतो आणि अंग डावी-उजवीकडे हलवत बसतो. हे अंग हलवणं ओळखता आलं की अर्धं काम झालं. एका भेटीत बसलेला दिसला तर मी 'शक्य' लिहिते. पुढच्या भेटीत त्याच जागी दिसला किंवा जोडीदाराशी अदलाबदल करताना दिसला, तरच 'घरटं'.

त्याच जागी हे कसं ओळखायचं? इथे माझी एक मोठी चूक सांगते. पहिल्या वर्षी, परवानगी असलेल्या एका गटाबरोबर, आम्ही घरट्यांपासून हातभर अंतरावर काठ्या रोवल्या आणि दुरून दिसाव्यात म्हणून त्यांना लाल चिंध्या बांधल्या. दोन दिवसांत डोमकावळ्यांनी चिंधी आणि अंडं यांचं नातं ओळखलं. मी समोरच्या काठावरून बघत होते: कावळा चिंधीपाशी उतरायचा, दोन उड्या मारायचा, आणि चोच खाली. सात घरटी गेली. मी ओरडत होते, पण मध्ये नदी होती.

आता बेटावर काहीही रोवत नाही. फेब्रुवारीत बसायच्या जागेवरून सगळ्या बेटाचा सलग फोटो काढते, मोठ्या कागदावर छापून घेते आणि त्यावर पेन्सिलीने घरट्यांचे क्रमांक टाकते. बेटावरच्या खुणा आधीच टिपून ठेवते: अर्धा गाडलेला ओंडका, झाऊचं झुडूप, पुराने सोडलेली काळ्या मातीची पट्टी. 'घ-१४, ओंडक्याच्या डावीकडे, दोन पक्षी सोडून' इतपत पुरतं. मेपर्यंत वाऱ्याने वाळू सरकते, म्हणून महिन्याला फोटो नवा. जागा दर वेळी तीच हवी. मी बाभळीच्या खोडाशी तिपाईच्या तीन पायांसाठी तीन दगड पुरून ठेवले आहेत.

एक इशारा. सगळ्यात मोठ्या मोजणीचा आकडा म्हणजे हंगामातली एकूण घरटी नव्हेत. काही जोड्या मार्चच्या मध्यावर अंडी घालतात, काही एप्रिलच्या शेवटी; आणि ज्यांची अंडी गेली त्यातल्या काही पुन्हा घालतात. सगळ्या भेटींची बेरीज केली तर तीच जोडी दोनदा मोजली जाते. म्हणून अहवालात 'एका दिवशी दिसलेली जास्तीत जास्त घरटी' असंच लिहा, तारखेसकट.

थोडं गणित

मी शिक्षिका आहे म्हणून नव्हे, पण हे गणित टाळू नका. 'वीस घरट्यांपैकी पंधरा यशस्वी' असं लिहिणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा चुकीचं. आपल्याला घरटं सापडतं तेव्हा ते काही दिवस टिकलेलं असतं. जी पहिल्याच दिवशी गेली ती आपण पाहिलेलीच नसतात. म्हणून यश फुगलेलं दिसतं.

त्याऐवजी घरट्यांचे दिवस मोजा. समजा दहा घरटी तुम्ही प्रत्येकी आठ दिवस पाहिली. झाले ८० घरटी-दिवस. त्यात दोन घरटी गेली. २ भागिले ८० म्हणजे ०.०२५, हा एका दिवसाचा धोका. घरटं एक दिवस टिकण्याची शक्यता ०.९७५. उबवण्याचे साधारण तीन आठवडे धरले तर ०.९७५ ला स्वतःने एकवीस वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे ०.५९. म्हणजे शंभरातली एकोणसाठ. साध्या हिशेबात हीच ऐंशी दिसली असती. घरटं नेमकं कोणत्या दिवशी गेलं हे ठाऊक नसेल तर दोन भेटींमधला मधला दिवस धरा.

घरटं गेलं की उबवून झालं, हे ठरवायला तारीख कामाला येते. पहिल्यांदा दिसल्यापासून तीन आठवड्यांच्या खूप आधी जागा रिकामी झाली आणि आसपास पिल्लू नाही, तर गेलं. जवळ पिल्लू आहे, प्रौढ पक्षी तिथे मासळी घेऊन उतरतोय, तर उबलं. बाकीच्यांपुढे 'कळलं नाही' असं लिहा. माझ्या वहीत हा रकाना दर वर्षी भरलेला असतो आणि तो तसाच अहवालात जातो.

कशामुळे गेलं, ते काठावरची ओली वाळू सांगते. कोल्ह्याचा पंजा अरुंद, लांबट आणि चाल एका रेषेत. कुत्र्याचा पसरट आणि चाल भरकटलेली. कॅमेरा लावायची परवानगी मिळाली तर तो घरट्याकडे तोंड करून लावू नका, धारेच्या उथळ जागेवर काठाच्या बाजूने लावा. येणारा प्रत्येक जण तिथूनच येतो. काठावर चालताना मात्र जपून. याच महिन्यांत घडियाल आणि नदीतली कासवंही वाळूत अंडी घालतात. उकरून बुजवलेली वाळू दिसली तर वळसा घाला. संध्याकाळी पाण्याच्या अगदी कडेला बसू नका, मगरीही आहेत.

एक दुपार

दुपारी जवळ जाऊ नका म्हटलं, पण दूरच्या सावलीतून एकदा जरूर बघा. एप्रिलअखेरची गोष्ट. लू सुटली होती. घ-९ वरचा पाणचिरा अंड्यांवर बसलेला नव्हता, उभा होता, पंख जरा सैल सोडून, स्वतःची सावली अंड्यांवर धरून. चोच उघडी, गळ्याची कातडी धपापत होती. मग जोडीदार आला. आधी तो पाण्यावर टेकला, पोट बुडवलं, उठला, पुन्हा टेकला. तिथून उडत येऊन चालत खळग्याशी पोहोचला, तेव्हा पोटाच्या पिसांतून थेंब गळत होते. स्कोपमधून वाळूवर पडलेले ओले ठिपके दिसले आणि बघता बघता वाळले. पहिला उठला, दुसरा ओल्या पोटाने अंड्यांवर बसला. मी मोजलं: तासाभरात पाच वेळा अदलाबदल. अशा तासात कुणी नुसतं मजेने नाव जवळून नेली, तर ही साखळी तुटते.

पिल्लं

मेमध्ये पिल्लं दिसू लागतात. अंड्यातून निघालेल्या पाणचिऱ्याच्या पिल्लाच्या चोचीचे वरचा-खालचा दोन्ही भाग सारखेच लांब असतात; खालचा भाग वाढत्या वयात लांब होत जातो. म्हणून बारीक पिल्लू पाणचिऱ्याचं की सुरयाचं, हे चोचीवरून ठरवू नका. त्याला भरवायला कोण येतंय ते बघा.

धोका दिसला की पिल्लं वाळूत दबून निपचित पडतात, आणि मग ती वाळूच होतात. पहिलं पिल्लू दिसल्यानंतर बेटावर कुणीही, वनविभागाचा माणूस असला तरी, फार मोठं कारण असल्याशिवाय उतरू नये असं माझं ठाम मत आहे. पायाखाली काय आलं ते कळतही नाही.

मोजताना तीन गट करा: नुसत्या लवेचे गोळे, पिसं फुटलेली, आणि उडणारी. पहाटे भरवण्याच्या वेळी मोजा, दबलेली पिल्लं तेव्हा उभी राहतात. शेवटी कामाला येणारा आकडा एकच: उडू शकणारी जास्तीत जास्त पिल्लं भागिले जास्तीत जास्त घरटी. ते अर्धं आलं तरी मी त्या रात्री नीट झोपते.

माणसं

आठवड्यातून एकदा येणारी मी वसाहत वाचवू शकत नाही. रोज तिथे असणारा माणूस वाचवतो. मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेने चंबळेवर गावातल्या लोकांनाच घरट्यांचे राखणदार म्हणून उभं केलं, आणि त्या कामासाठी संस्थेच्या परवीन शेख यांना २०२५ मध्ये निसर्गसंवर्धनाचा व्हिटली पुरस्कार मिळाला. कुत्री हाकलणं, गुरं वळवणं, पाण्यावर लक्ष ठेवणं, ही कामं काठावर जन्मलेल्या पोराला मुद्दाम शिकवावी लागत नाहीत. त्याला मानधन वेळेवर मिळालं पाहिजे, आणि वहीत त्याचं नाव पहिलं लिहिलं पाहिजे.

वाळूत टरबूज-काकडी लावणाऱ्यांशी जानेवारीत बोला, वेल पसरल्यावर नव्हे. विदर्भातल्या वाचकांना डांगरवाडी म्हटलं की लगेच कळेल. ही माणसं गरीब आहेत आणि नदी त्यांचीही आहे. काठाची वाळू तुमची, मधलं बेट चार महिने पाखरांचं, इतकं साधं बोलणं आमच्याकडे दोन कुटुंबांनी मान्य केलं. त्यातल्या एक आजी आता मलाच खबर देतात.

वाळूउपशाचं मात्र वेगळं. ट्रॅक्टर दिसले तर तारीख, वेळ, किती, कोणत्या बाजूला, हे लिहा आणि परत आल्यावर लेखी कळवा. तिथल्या तिथे अडवायला किंवा फोटो काढायला जाऊ नका, एकटं तर मुळीच नाही. महाराष्ट्रातल्या रेतीघाटांवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तुमच्याकडे धरणाच्या फुगवट्यातली बेटं असतील तर बांबू आणखी महत्त्वाचा. तिथेही उन्हाळाभर पाणी उतरतं आणि बेट काठाला जाऊन मिळतं. कर्नाटकातल्या भद्रा धरणाच्या बेटांवर नदी सुरयांची मोठी वसाहत भरते, तिचंही सगळं पाण्याच्या पातळीवर चालतं. उजनीवर किंवा गोदावरीत सुरयाची चारच घरटी मिळाली तरी वही सुरू करा. आणि नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका. नदीचं आणि जिल्ह्याचं नाव पुरे. फोटोत मागचा पूल किंवा देऊळ दिसत असेल तर तो फोटो घरातच ठेवा.

हंगाम मिटवताना

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उडती पिल्लं आणि मोठे पक्षी एकत्र थव्याने दिसू लागतात. शेवटची तीन कामं तेव्हा करायची. वहीची नक्कल काढून एक वनविभागाला आणि एक राखणदाराला द्यायची. घरटी असलेल्या जागांची उंची, पक्षी गेल्यावर, बांबूच्या पातळीशी ताडून नकाशावर टाकायची, पुढच्या वर्षी कोणतं पाणी कुठवर येईल ते सांगायला. आणि पहिला पूर यायच्या आत बांबू उपटून आणायचा. काका तो धुऊन त्यांच्या ओसरीच्या आढ्याला आडवा बांधून ठेवतात. वरचे दोन पट्टे यंदा पुसट झालेत, फेब्रुवारीआधी पुन्हा रंगवायचे आहेत.